बर्फातल्या बुटांचं दान

तेराव्याला छत्री आणि चपला दान करायच्या असतात, हे मंदाकिनीबाईंना ठाऊक होतं. गेलेल्याला तापल्या वाटेने जायचं असतं, पाय पोळू नयेत म्हणून. पण ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरातल्या जुलैच्या गारठ्यात गेलेल्या गोविंदरावांचे पाय कसले पोळतायत! तरुणपणी लेहला नोकरीत असताना, पायात नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे जाड बूट असूनही, त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं थंडीने झडली होती. मुलाकडे आल्यापासून दोन वर्षं एकच पालुपद, "पाय गार पडलेत गं." त्यांचे मोजे बदलता बदलता बाई पार थकून गेल्या होत्या. पुण्याला जाऊन महिनाभर नुसतं झोपायचं, एवढंच आता त्यांना हवं होतं. रविवारचं तिकीटही काढलं होतं.

चपलांऐवजी त्यांनी राघवला बर्फातले बूट आणायला सांगितले. बाहेर रबर, आत लोकर.

"आई, गुरुजी काय करणार त्यांचं? स्कीइंग?"

"तू आण रे. ह्यांना लागतील."

काशिनाथ गुरुजी बूट गाडीत टाकून घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून सगळे कामावर गेले, की घरात ओल्या लोकरीचा वास यायचा. मग कार्पेटवर जड पावलं... उजवं जरा फरपटत. बाई भ्यायल्या, पण भीतीहून जास्त त्यांना कंटाळा आला, आणि त्याची लाजही वाटली. चपला दिल्या असत्या तर हे मुकाट्याने पुढे गेले असते. आपणच ह्यांना थंडीत परत यायची सोय करून दिली.

"अहो, जा ना आता..." त्या पुटपुटल्या. पावलं थांबली, पण गेली नाहीत.

शनिवारी दुपारी गुरुजी दोन पिशव्या घेऊन दारात आले. आत यायला तयार होईनात.

"काकू, हे दानाचे बूट तुमच्याकडेच ठेवा. रोज गराज उघडावं तर आत बर्फ... ऑकलंडात! आणि आज..." त्यांनी दुसरी पिशवी खाली ठेवली. "आज त्यांच्या शेजारी हे होते. मी आणलेले नाहीत."

ते निघून गेले.

त्या दुसऱ्या पिशवीत बायकी, लहान मापाचे बूट होते. वर्षानुवर्षं वापरल्यासारखे. डावा अंगठ्यापाशी फुगला होता, जिथे बाईंच्या पायाचं हाड वर आलंय, बरोबर तिथे. त्यांनी भीत भीत आत हात घातला. कुणी नुकताच काढून ठेवावा, तसा तो आतून ऊबदार होता.

आतल्या खोलीत पावलं वाजली. सकाळपासून उभ्या असलेल्या बाई पायरीवर बसल्या, आणि डावा बूट पुढ्यात ओढून त्यांनी डाव्या पायातला मोजा सारखा केला.