आज पण नाही आला गं तो

काचेवर टकटक झाली तेव्हा ती आठ चाळीसच्या बोटीची सूचना देऊन नुकतीच मागे वळली होती. बाहेर एक जण उभा होता. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारे ब्रश, आणि उजव्या कानाच्या पाळीला लागलेला निळा रंग.

"माफ करा हं," काचेच्या गोल भोकाशी तोंड आणून तो म्हणाला, "पण नेमका कोणता वेश बंद केलाय तुम्ही?"

"काय?"

"दारावर लिहिलंय ना, 'वेश बंद'. मी तर घरून हाच शर्ट घालून आलोय… चालतो ना?"

ती बाहेर येऊन बघते तर खरंच! 'प्रवेश बंद'मधला 'प्र' कधीचा उडून गेलेला. चार वर्षं ती त्याच दारातून ये-जा करत होती, पण वाचायचं कधी सुचलंच नव्हतं. तिला इतकं हसू आलं, की काही बोलताच येईना.

"उद्या 'प्र' घेऊन येतो," असं म्हणत तो बोटीकडे पळालासुद्धा.

आता ही 'ती' म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. रुंद, शांत नदी, दोन्ही काठांना अर्धं अर्धं शहर, आणि दिवसभर या काठावरून त्या काठावर जाणाऱ्या बोटी. अलीकडच्या धक्क्यावर, तिकीट खिडक्यांच्या वर, काचेची एक खोली होती. तिथे बसून ही मुलगी बोटींच्या सूचना द्यायची. म्हणून धक्क्यावर सगळे तिला सूचनाच म्हणत. खरं नाव कुणाला आठवतही नसेल. लाउडस्पीकरमधून तिचा आवाज भरदार आणि ठाम यायचा. प्रत्यक्षात मात्र तो इतका बारीक, की दुकानात साबण मागितला तरी दुकानदार दोनदा "काय?" म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. दोन मिनिटांत त्याने 'प्र' रंगवला, तोही असा देखणा की बाकीची अक्षरं बिचारी शेजारी ओशाळून उभी राहिली.

"झालं. आता कुणी आत येणार नाही," तो म्हणाला.

"तुम्ही आलात की."

"मी? मी तर अजून बाहेरच आहे," तो म्हणाला आणि एकदम लाजला. बोलून गेल्यावर लाजायची सवय होती त्याला.

तिसऱ्या दिवशी तो नुसता भोकाशी आला आणि म्हणाला, "एक सांगू? मी पाट्या रंगवतो, अक्षरांवरच जगतो. तुम्ही 'चाळीस'मधला 'ळ' काय सुंदर म्हणता हो! हल्ली लोक चालीस-चालीस करतात. मला आठ वीसची बोटही चालते खरं तर… पण तिच्यात 'ळ' नाही."

एवढं बोलून गेला निघून! पुढची सूचना तिने चक्क चुकीच्या काठाची दिली.

त्यानंतर बोलणं असं फारसं झालंच नाही. रोज सकाळी तो खालून जायचा. "आठ चाळीस" ऐकू आलं की क्षणभर थांबून कानाला हात लावायचा, वर बघायचा… आणि जायचा. बस्स, एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीसाठी ती केस दोनदा विंचरू लागली. पहिल्या तिकीट खिडकीवरच्या मावशींना (सगळ्यांच्याच मावशी त्या, सख्ख्या कुणाच्याच नाहीत) नजरेतून काही निसटायचं नाही. एक दिवस चहा घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "तुझा 'ळ' हल्ली फार लांबायला लागलाय गं."

"काहीतरीच काय मावशी!"

"बोट सुटते तरी तुझा 'ळ' संपत नाही."

आणि मग एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी नदीवर असं दाट धुकं उतरलं की पलीकडचा काठच नाहीसा झाला. धक्क्यावर तीनशे माणसं खोळंबलेली. तिने जाहीर केलं, "धुक्यामुळे आठ चाळीसची बोट उशिरा सुटेल." माइक बंद करायला बटण दाबलं. ते बटण अडकलं होतं, पण हे तिला कुठे ठाऊक! मावशी शेजारीच उभ्या होत्या. काचेला कपाळ टेकवून ती अगदी मनातलं बोलावं तसं बोलली,

"आज पण नाही आला गं तो…"

सगळ्या धक्क्यावर, धुक्यात, पाण्यावर, पार लांबवर ते घुमलं. तीनशे माना वर वळल्या. आणि मग जो हशा उठला म्हणता!

कुणीतरी मोबाइलवर धुक्याचं चित्रण करत होतं, त्यात तिचा आवाज आयता सापडला. संध्याकाळपर्यंत तो शहरभर झाला. दोन दिवसांत त्याला ताल लागला, आठवड्याभरात त्यावर नाच बसला. टूम निघायला काय लागतं हो? नळ दुरुस्त करणारा आला नाही, "आज पण नाही आला गं तो!" पगार झाला नाही, "आज पण नाही आला गं तो!" शाळेत हजेरी घेताना एखादं पोरगं गैरहजर निघालं की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा. शर्टांवर ते, कपांवर ते, टेम्पोंच्या पाठीवर ते. घरी एकदा बाबासुद्धा पेपरवाल्याबद्दल तेच म्हणून गेले, आणि मग हिच्याकडे बघून त्यांनी अशी जीभ चावली! आईचं मात्र सरळ होतं. "ते सगळं राहू दे. तो कोण, ते सांग."

काय सांगणार? नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही. कानाला निळा रंग लागलेला असतो, एवढंच. आईला हे सांगायची सोय होती का?

शहराने मात्र आपलं आपण ठरवून टाकलं. त्या दिवशी आठ चाळीसच्या बोटीचा तरुण कप्तानही धुक्यात अडकून उशिरा आला होता, तेव्हा तोच 'तो'. कप्तानही असा वस्ताद! कुणी विचारलं की हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही, नुसता मिशीवरून बोट फिरवायचा. शिवाय 'मीच तो' असं छापलेले शर्ट घालून मुलांचे घोळके फुलं घेऊन काचेखाली जमू लागले. ती प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघायची. खोटं कशाला बोलू, कानाकडेही बघायची.

धक्क्यावरचे साहेब आधी भडकले होते. मग गर्दी वाढली तसे विरघळले. "दर तासाला एकदा म्हणत जा ना ते," ते म्हणाले, "लोक खास त्यासाठी येतात."

"नाही म्हणणार, साहेब."

"अहो, पाच-सहा शब्द तर आहेत!"

"माझे आहेत ते," ती म्हणाली. एरवी साहेबांपुढे मान वर न करणारी मुलगी! साहेब गुपचूप खाली गेले. तिने खुर्ची फिरवून डोळे पुसले. तिच्या आतली एकच गोष्ट होती, आणि सगळं शहर तिच्याशी चेंडूसारखं खेळत होतं. शिवाय भीती अशी, की त्याने कुठे ऐकलं असलं तर? चिडला असेल. म्हणून तर येत नसेल… मग पुन्हा वाटायचं, ऐकलंच नसेल. तेही बरं वाटायचं नाही.

सहा आठवडे चाललं हे. आणि मग एका सकाळी संपलं. कुणीतरी कुठेतरी उलटं चालून दाखवलं, आणि आख्खं शहर उलटं चालायला लागलं. फुटपाथवर उलटं, जिन्यावर उलटं. बोटीत चढतानाही पाठ पुढे आणि तोंड मागे. दुकानदारांनी तिचे शर्ट पोतेऱ्याला काढले. कप्तानाला कुणी विचारेना, त्याने मिशीच उडवली. ती सुटकेचा निश्वास टाकणार होती, पण तो आलाच नाही. सगळ्यांची हौस फिटली होती… आणि ती तशीच वाट बघत बसली होती. ते शब्द आता पुन्हा एकटे तिचेच झाले होते, आणि फार जड लागत होते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. नदीवर पातळ, दुधी धुकं होतं. धक्क्यावर गर्दी उलटी चालत होती, आणि त्या गर्दीतून एकच माणूस सरळ येत होता. तोही लंगडत.

तिच्या हातातला पेला कलंडला.

तो काचेशी आला. हातात मोठी पेटी. कान स्वच्छ होता, त्यामुळे तो कसा परका परका वाटत होता.

"ओळखलंत? 'प्र'वाला," तो म्हणाला. "शिडीवरून पडलो होतो. पाय प्लास्टरमध्ये होता… पण मी माफी मागायला आलोय."

"कसली?"

"घरी पाय वर करून बसलो होतो आणि कामं येत होती. सगळी एकच. तुमचं ते वाक्य. टेम्पोवाल्यांना पाट्या हव्या, दुकानांना पाट्या हव्या. मीही रंगवत गेलो. मग एकदा ते चित्रण नीट ऐकलं." तो थांबला. "किती मनापासून म्हणालात हो तुम्ही. आणि आम्ही ते टेम्पोंना चिकटवतोय. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर एकही पाटी केली नाही."

तिने कलंडलेला पेला उगाच सरळ करून ठेवला.

"मग… कप्तान आला का शेवटी?" त्याने खाली बघत विचारलं. "नशीबवान आहे. पण तुम्हाला इतकी वाट बघायला लावली, भेटला तर दोन शब्द सुनावणार आहे मी त्याला."

"तुम्ही… कुठे निघालात?"

"पलीकडे, ताईकडे. मेव्हण्यांचं पाट्यांचं दुकान आहे, तिथेच राहणार आता. रोजची ये-जा नको. या बोटीला एक कारण होतं माझं, पण… जाऊ दे. सुखी राहा." आणि नेहमीसारखा लाजून तो वळला.

ती नुसती बघत राहिली. सांगावं कसं? पुन्हा शब्द तोंडाबाहेर काढायचे, पुन्हा त्यांचं हसं व्हायचं? आणि त्याला तरी खरं वाटेल? घड्याळात आठ सदतीस झाले होते. तिने सवयीने माइक ओढला आणि "आठ चाळीसची बोट" म्हणताना तिचा आवाज चिरकला.

मावशी जिन्यावरून धापा टाकत वर आल्या. "अगं बये, बघत काय बसलीस? हाच ना तो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय डोळे नाहीत? ऊठ! बोटी मी सांगते!"

ती धावली. जिना उतरून, उलट्या चालणाऱ्या माणसांना धडकत, त्यांच्या शिव्या खात. "अहो! थांबा!" ती ओरडली, पण कुणी वळूनही बघितलं नाही. माइकवरून सगळा धक्का थोपवणारी ती, आणि आज एका माणसाला थांबवता येईना! मग तिने सगळा जीव एकवटून हाक मारली, "पेंटर!"

बोटीत चढायच्या फळीवर ठेवलेला पाय त्याने मागे घेतला. "तुम्ही? खाली कशा? बोटीचं काही झालं का?"

"तो कप्तान नाही."

"काय?" ऐकू यावं म्हणून तो वाकला.

"कप्तान नाही तो. कधीच नव्हता. तुम्ही शिडीवरून कधी पडलात?"

"सोमवारी. का?"

"आणि मी ते कधी म्हणाले?"

"शुक्रवारी. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग मोजा ना!" ती रडकुंडीला आली होती. "सोमवारपासून कोण आलं नव्हतं… मोजा!"

त्याने खरंच बोटं मोजायला घेतली. पाचव्या बोटाशी तो थांबला. चेहऱ्यावरचं हसू गेलं, रंग गेला, मग दोन्ही परत आले.

"मीच… तो?"

इतके दिवस शंभर जण हे छातीठोकपणे सांगून गेले होते. प्रश्न म्हणून विचारणारा हा पहिलाच. तिने मान हलवली.

तो पेटीवर मटकन बसला. "म्हणजे घरी बसून मी… माझ्याच नावाच्या पाट्या… आणि वर त्या बिचाऱ्या कप्तानाला मनातल्या मनात शिव्या…"

"त्या राहू द्या. त्याच्या मिशीसाठी चालतील."

"मी आवडतो तुम्हाला?"

"हो," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नाही हं. तिसऱ्या दिवसापासून."

"मला पहिल्या," तो म्हणाला.

बोटीचा भोंगा झाला. वरून मावशींचा घोगरा आवाज आला, "ज्यांना जायचंय त्यांनी जा, ज्यांना नाही जायचं त्यांनी वाट अडवू नका!" फळी ओढली गेली. बोट धुक्यात शिरली आणि तो पेटीवर तसाच बसून राहिला.

"तुम्ही कधी सुटता?" त्याने विचारलं.

"चारला."

"मग मी थांबतो."

"सात तास?"

"तुम्ही सात आठवडे थांबलात."

दिवसभर ती काचेतून बघत होती. तो नदीकाठच्या बाकावर होता. बाराला होता, दोनला होता. चारला ती खाली आली, तर स्वारी पेटीवर दुखरा पाय ठेवून गाढ झोपलेली. तिने उठवलं नाही. अलगद शेजारी बसली. ऊन तिरपं झालं, पाण्यावर सोनेरी झालं, दोन बोटी येऊन गेल्या.

मग तो दचकून जागा झाला. "किती वाजले?"

"पाच."

"पाच? तुम्ही तर चारला सुटता!"

"हो."

"मग उठवायचं नाही का? तासभर काय केलंत इथे?"

"बघत बसले होते."

"नदीकडे?"

"नाही," ती म्हणाली.