पानाबाहेर बघणारा घड्याळवाला

"ही जाहिरात आहे की किराण्याची यादी?" मी कागद परत सरकवला.

घड्याळवाला हसला. "चौदा ओळी आहेत. सगळ्या महत्त्वाच्या."

"सगळेच ओरडले तर कोणाचंच ऐकू येत नाही. डोळा आधी कुठे पडायला हवा, तेवढं सांगा. बाकीचं मागे येईल."

तो माझ्याकडे बघत राहिला. "ते… उद्या सांगितलं तर चालेल?"

मी साप्ताहिकात जाहिराती मांडते. कॉलेज पाहिलं नाही. रद्दीतल्या जाहिराती कापून, कुठली नजर धरते आणि का, ते बघत शिकले. पदवीवाले आमचे साहेब दिसेल त्या रिकाम्या कोपऱ्यात चांदणी ठोकतात.

घड्याळवाला रोज यायचा, एक ओळ काढून जायचा. एका ओळीला अर्धा तास. चौथ्या दिवशी म्हणाला, "महिनाअखेर दुकान सोडतोय. मालकाला जागा हवीय. भावाच्या गावी जाईन. लोकांनी दुरुस्तीला दिलेली घड्याळं तेवढी घेऊन जावीत."

मी टोक असलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक करत बसले.

दुकानात फोटो काढले. समोर फोटोग्राफर, त्याच्या बाजूला मी. प्रत्येक फोटोत हा बाबा मजकुराकडे पाठ करून पानाबाहेर बघतोय! चेहरा बघतो तिकडे वाचक बघतो. तो बाहेर, तर वाचकही बाहेर. मी सरळ फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा फिरवला. मागच्या भिंतीवर घड्याळं होती, ती दिसलीच नाहीत. मी चेहराच बघत होते.

छापून आलं. अकरा घड्याळं, सगळ्यांचे आकडे उलटे. गाव हसलं. हसायला आलेले आपापली घड्याळं घेऊन गेले, ते सोडा. साहेबांनी मला भर कचेरीत झापलं.

संध्याकाळी तो आला.

"चूक माझी," मी म्हणाले. "पण तुम्ही पानाबाहेर का बघत होतात?"

"पानबिन मला काय माहीत? तुम्ही तिथे उभ्या होतात."

दुसऱ्यांच्या चौदा ओळींची मी एक करते. स्वतःचा 'थांबा' एवढा एक शब्द… नाही आला तोंडात.

"पुन्हा छापू," कसंबसं म्हणाले.

"छापा. नवा पत्ता घाला. एका वाचकाला तरी तो दिसला पाहिजे."

चौकट पांढरी ठेवली. मधोमध मोठा पत्ता, बाजूला तो, न फिरवलेला. साहेब म्हणाले, "एवढी जागा वाया? निदान एक चांदणी टाक."

"चांदणी टाकलीत तर मी नोकरी सोडते."

तो गेला. कात्रण मी टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवलं, म्हणजे तो पानाबाहेर, माझ्याकडे बघतो. तीन आठवडे त्या नजरेखाली साबणाच्या जाहिराती मांडल्या. एकही धड झाली नाही.

चौथ्या रविवारी त्याच्या दारात उभी राहिले. पत्ता कोणाला विचारावा लागला नाही.

"जाहिरात वाचून आले."

त्याने हातातलं घड्याळ खाली ठेवलं… फार सावकाश.

"आणखी कोणी आलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला, "चालली जाहिरात."