काठावरची वस्ती

ज्याने कुणी जुन्या अहवालात ‘काठावर वस्ती : नाही’ असं लिहिलं, त्याने उंटावरून शेळ्या हाकल्या. नदीच्या वळणावर तेव्हा चार घरं होती. कागदावर ती नव्हती, म्हणून पूर आला तेव्हा इशारा द्यायला तिकडे कुणी गेलंच नाही. तीन घरांतली माणसं कशीबशी निसटली. चौथ्या घरातले पाच जण अजून सापडलेले नाहीत.

आता खचलेला काठ दुरुस्त व्हायचा होता आणि भरावाची माती त्याच वळणावरून उपसणार होते. त्याआधीची पर्यावरण पाहणी माझ्याकडे आली. साहेब म्हणाले, “जुनाच अहवाल घे, तारीख बदल, संध्याकाळपर्यंत सही करून दे. उद्या मशीन येतंय.”

मी म्हटलं, “आधी बघून येते.”

भर दुपार होती. टेप धरणारे काका सोबत होते, ड्रायव्हर वर जीपमध्ये. वळणावर पुरुषभर उंच लव्हाळं माजलं होतं. गाळाला बंद, ओल्या खोलीचा वास येत होता. वारा नव्हता... नदीचाही आवाज नव्हता.

“दमानं घे पोरी. नदी काय पळून जाते?” काका म्हणाले.

“गेलीच होती ना काका. घरं घेऊन.”

ते टेपचं टोक घेऊन लव्हाळ्यात शिरले. चौथ्या घराचं जोतं शोधून ते तिथे टोक धरणार, मी पाण्याशी उभी राहून अंतर वाचणार. मधे लव्हाळं, एकमेकांना दिसत नाही. म्हणून आमची खूण ठरलेली. दोन हिसके म्हणजे वाच.

दोन हिसके आले. अकरा मीटर. लिहिलं.

पुन्हा दोन हिसके. नऊ.

“काका, एका जागी धरा की.”

टेप ताठच. सात. मग पाच. लव्हाळ्याचा शेंडाही हलत नव्हता. वास मात्र जवळ आला होता.

पाचव्यांदा हिसके आले... अगदी हलके. तीन मीटर.

“काका...?”

“काय गं?”

आवाज बाजूच्या पायवाटेवरून आला. काका लंगडत उतरत होते. “पायात काच घुसली. पट्टी बांधायला जीपकडे गेलो होतो. टोक जोत्यावर दगडाखाली ठेवलंय की.”

माझ्या हातातली टेप अजून ताठ होती. मग कुणीतरी सोडून द्यावी तशी सैल पडली. गुंडाळताना तिच्यावर गाळाने भरलेल्या बोटांचे ठसे दिसले. पाच ठिकाणी.

जीपमध्ये मी ‘नाही’ खोडलं. ‘वस्ती : आहे. आधी शोध घ्यावा, तोवर माती उपसू नये,’ असं लिहून सही केली. साक्षीदार म्हणून काकांनी आणि ड्रायव्हरनेही सह्या केल्या. ऑफिस येईपर्यंत फाइल मी मांडीवरून हलू दिली नाही.

आवक शिक्का मारणाऱ्या कारकुनाने कागद वाचला, उलटला, चष्मा कपाळावर चढवला.

“बाई, तुमच्या तीन सह्या ठीक आहेत,” तो म्हणाला. “पण हे खाली पाच ओले अंगठे कुणाचे घेतलेत? शेवटचा तर बाळाचा दिसतोय.”