चूक पेणची की रोह्याची?

"ओ मॅडम, हे पुसा. खोटं हाय!"

मी स्टुलावर उभी राहून भिंतीवर अक्षरं रंगवत होते. खाली बघते तर काय, काखेत हेल्मेट, अंगावर भिजून चिकटलेला शर्ट… कोण कुठला मुलगा! बाईक पंक्चर झाली म्हणून आमच्या टॉकीजच्या दारात आडोशाला आला, आणि लागला की माझ्या चुका काढायला. आगाऊ मेला!

पेणची आमची बंद पडलेली रत्नदीप टॉकीज बाबा दिवाळीत पुन्हा सुरू करणार होते. तिचा इतिहास दाराशेजारच्या भिंतीवर लिहायचं काम माझ्याकडे. मी लिहिलं होतं — पेणला पिक्चर उतरला की रिळांचे डबे एसटीने रोह्याला जायचे. एकदा रोह्याच्या ऑपरेटरने शेवटचं रीळ इंटरव्हलच्या आधीच लावलं, नि हिरो-हिरॉइनचं लग्न आधी झालं, ओळख नंतर!

"तो ऑपरेटर माझा आजा, महिपती," तो म्हणाला. "डब्यावरचा नंबर बघूनच लावलं त्याने. चूक पेणची."

"पेणची? नाय हं! पुरावा आणा आधी."

"आणतो की. रविवारी सुट्टीच असते मला," म्हणाला आणि हसला… गालाला खळी पडत होती हो!

नाव विशाल. रोह्याजवळ धाटावला कंपनीत कामाला. त्यानंतर दर रविवारी स्वारी रोह्याहून हजर. पुरावा कसला नि काय… कधी आजीने सांगितलेला एखादा किस्सा, कधी नुसतेच गरम वडे. 'अहो-जाहो'चं 'अरे-तुरे' कधी झालं, कळलंच नाही. एकदा भांडता भांडता त्याने माझ्या नाकावरचा रंग रुमालाने पुसला, तर मी पुढचा मुद्दाच विसरले.

खरं सांगू? उत्तर मला केव्हाच कळलं होतं. आमचे जुने ऑपरेटर हिरामणकाका दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांना गुपचूप विचारून आले होते मी. "चूक माझीच गो," काका म्हणाले. "डबे भरताना समोरून गोदूबाई गेली, नि तिच्याकडे बघता बघता झाकणांची अदलाबदल झाली!" म्हणजे हरलं आमचं पेण. पण हे विशालला सांगितलं की भांडण मिटणार, आणि भांडण मिटल्यावर तो कशाला येतोय? मी काकांना शपथ घातली, आणि भिंतीवरची ती ओळ अर्धी पुसून तशीच ठेवली.

परवाच्या रविवारी काकाच टॉकीज बघायला आले. विशाल होताच.

"ही ओळ अजून अर्धीच?" काकांनी विचारलं.

"काका…" मी डोळे वटारले. बघते तर विशालनेही वटारलेले!

काका खो-खो हसत सुटले. "ही म्हणते त्याला सांगू नका, तो म्हणतो तिला सांगू नका! म्हाताऱ्याने शपथा तरी किती सांभाळायच्या? अगो अपेक्षा, हा पयल्याच आठवड्यात इचारून गेलाय!"

मी विशालकडे वळले. "तू जिंकला होतास… आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर परत यायला कारण काय उरलं असतं?" तो बुटांकडे बघत पुटपुटला. कान लालेलाल.

"कारण कशाला लागतं रे शहाण्या? आवडतोस तू मला!"

त्याने मान वर केली. "मग… पुढच्या रविवारी आईबाबांना घेऊन येऊ?"

दिवसभर टकळी चालवणारी मी, उगाच ब्रश रंगात बुडवत बसले.

"अगो, व्हय म्हण!" काका खेकसले.

"व्हय," मी म्हटलं.