गाळलेलं पाणी

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या शेडला बर्फ पुरवायच्या त्या मासळीवाल्या हौसाबाई. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा थंडगार आम्लात बुडवून वीज सोडली की त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांची जाळी धरते. बर्फ कमी पडला तर पत्रा जळतो. म्हणून आमच्या प्रयोगालाही कोळंबीचा वास. साल शहाण्णव.

"बरफ माझा, चाळण तुमची," हौसाबाई म्हणायच्या. "पयलं पाणी माझ्या तुळसाला, ताई."

तुळसा त्यांची नात, वर्षाची. तिची मोठी बहीण जनी आदल्या पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यानं गेली. जुलाबात पाणी द्यायचं नसतं, असं घरच्यांना वाटलं. पोर ओठ चाटत गेली. आता तुळसालाही जुलाब लागले होते, आणि विहीर तीच.

अखेर त्या पत्र्यातून पाणी गाळायची चकती साधली. पापडाहून पातळ. त्या विहिरीचं पाणी पंपानं तिच्यातून ओढलं. न गाळलेल्या थेंबाच्या बशीत जंतूंचे ठिपके दाटून उगवले. गाळलेल्याची बशी कोरीच राहिली.

फक्त वर ओतलेल्यापेक्षा खालच्या काचेच्या बरणीत पाणी कमी भरायचं. सांधे तपासले. फरशी तपासली. कोरडी होती.

शुक्रवारी एमआयडीसीची वीज बंद. दुपारी हौसाबाई तुळसाला कडेवर घेऊन पाणी न्यायला आल्या. पंप गप्प, शेड गप्प.

गाळलेल्या पाण्याच्या बरणीतून आवाज आला. घोट. घोट. मग थांबणं.

पाणी बोटभर उतरलं.

"जनी अशीच प्यायची," हौसाबाई म्हणाल्या.

"हवा अडकली असेल."

"असंल."

त्या खाली बसल्या, तुळसाला मांडीवर घेतलं आणि जात्यावर बसल्यासारख्या पुटपुटल्या:

"खाडीला गं भरती, पाणी दाराशी आलं,
माझं गं पाखरू, तहानेलं गेलं."

मी घाईनं बरणीतलं उरलेलं पाणी वाटीत ओतलं. ते तुळसाचं होतं. तिलाच मिळायला हवं होतं.

तुळसा दोन घोट प्याली. थांबली.

शेजारी पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

मग तिनं वाटी तिकडे सरकवली.

हौसाबाईंनी तिचा हात धरला नाही. मीही नाही.

वाटी हलली नाही. पाणी मात्र उतरत गेलं.

तुळसा हात आवरून बसली होती, थोरलीचं होईस्तोवर धाकटीनं थांबावं तशी.