ओलसर राहिलेल्या भाकरी

"चोर! अव्वा, चोर हाय!"

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या घराच्या अंगणात नीलव्वा कमरेला पदर खोचून आतल्या आईला ऐकू जाईल अशी ओरडली, आणि समोरचा टोपीवाला तरुण जागच्या जागी खिळला. त्याच्या हातात अर्धी कडक भाकरी होती. उरलेली अर्धी पलीकडं एक शेळी निवांत चघळत होती.

"मी न्हाय ओ... ती!" त्यानं शेळीकडं बोट दाखवलं. "तिच्या तोंडातनं ओढून काढली की मी!"

नीलव्वानं पदर तोंडाला लावला, पण डोळे हसायचे ते हसलेच.

आता घरोघरी महिनाभराचं जेवण डबे भरून फ्रीजमध्ये गोठवून ठेवतात. तेव्हा, एकोणीसशे तीसच्या सुमाराला, आमच्या सोलापुरात फ्रीज कुठला? पण ऊन होतं, चूल होती. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, मंद आचेवर आणि उन्हात कडकडीत वाळवायची. सोबत शेंगांची चटणी. दोन महिने त्या भाकरीला काही होत नसे. नीलव्वाची आई अक्कम्मा या भाकरी विकूनच संसार ओढत होती, आणि नीलव्वाच्या हातची भाकरी मोडली की शेजारच्या घरात आवाज जाई.

तो तरुण म्हणजे शिवशरण, अक्कलकोटाकडचा, रेल्वेत कारकून. एकटाच राहायचा. त्या दिवसापासून तो भाकरी न्यायला येऊ लागला. एकटा माणूस इतक्या भाकरी खातो तरी कधी, असं अक्कम्मा पुटपुटायची.

"शेळीला घालता काय?" नीलव्वानं एकदा विचारलंच.

"घालतो की. तिचे लई उपकार हायेत माझ्यावर."

नीलव्वा लाजून आत पळाली... भाकरी द्यायच्या राहूनच गेल्या.

अशात उन्हाळ्याच्या तोंडावर शिवशरण उतरल्या चेहऱ्यानं आला. "रेल्वेवाले वाडी जंक्शनला पाठवतायत— दोन महिने. तेवढ्या भाकरी पायजेत."

"तितं कोण हाय तुमचं?"

"मामा हाय."

"आन्... मामाची पोरगी?"

"हाय," तो खाली बघत म्हणाला.

नीलव्वाच्या काळजात धस्स झालं. मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, ही तर रीतच. दोन महिन्यांची शिदोरी बरोबर असली, तर मध्ये परतायचं कारणच काय? त्या भाकरी करताना तिचा हात पहिल्यांदाच चोरटा झाला. आच कमी, ऊनही कमी. वरून कडक, पोटात ओल. आठवड्यात बुरसतील, आणि तो परत येईल...

गाडी सुटल्यावर मात्र तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाकरी बुरसल्या तर तो जेवेल कुठं? मामाकडंच की! आपल्याच हातानं आपण त्याला त्या पोरीच्या पंगतीला बसवलं. अन्न नासवल्याचं पाप वेगळंच.

पुढच्याच रविवारी शिवशरण दारात उभा राहिला. गाल बसलेले, हातात गाठोडं. त्यानं ते अक्कम्मापुढं सोडलं. भाकरींवर हिरवी बुरशी चढली होती.

"अव्वा, तक्रार हाय."

अक्कम्मानं एक भाकरी बोटांनी दाबली. ती लवली, मोडली नाही. मग तिनं लेकीकडं पाहिलं.

"ही चूक न्हाय," एवढंच म्हणाली, आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली.

"मामाकडं जेवला असाल की," नीलव्वा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली.

"मामीनं रोज ताट वाढलं. म्हणलं, माझी शिदोरी हाय."

"मग खाल्लं काय?"

"पहिले दोन दिस भाकरी. मग चटणी, नुसतीच. वर तांब्याभर पाणी." तो हसला. "पहिली भाकरी मोडतानाच कळलं मला, तुमी असं का केलं ते. मामाला सांगून आलो— पोरीला दुसरं स्थळ बघा."

नीलव्वाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "दुसऱ्या करून देते... कडक. दोन महिने टिकतील अशा."

"नको. तितं खोलीत चूल हाय. मला रोजची गरम भाकरी पायजे... येशील काय?"

"व्हय..." ती कसंबसं म्हणाली.

"आधी लगीन!" आतून अक्कम्मा ओरडली. "मग चूल!"

पुढं नीलव्वानं जन्मभर भाकरी वाळवल्या, सगळ्या कडकडीत. फक्त शिवशरण परगावी निघाला, की शिदोरीत वरची एक भाकरी ती ओलसर ठेवायची. तो ती पहिल्याच दिवशी खायचा, आणि ठरल्यापेक्षा लवकर घरी यायचा.