ताडपत्रीआडचा चंद्र

"आज तरी उघडी का?"

सारंगखेड्याच्या यात्रेत हा प्रश्न दीपमालाला सकाळपासून इतक्या जणांनी विचारला होता, की तिनं मानही वर केली नाही. निखाऱ्यावरचा नागलीचा पापड उलटत ती म्हणाली, "माले काय इचारतस? मी पापडवाली शे. चंद्रवाला तठे बसेल शे, खुर्चीवर."

"त्याले इचारं ना. तो म्हने, समोरनी पापडवालीले इचार, तिले समदं माहीत शे."

आता मात्र तिनं वर पाहिलं. समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता. डोळ्यांत हसू, ओठांवर मात्र अगदी शहाण्या माणसाचा भाव. त्याच्या खांद्यावरून एका पांढऱ्या घोडीनं मान पुढं काढली, ताटलीतला भाजलेला पापड अलगद उचलला... आणि कुर्रम कुर्रम करत खाऊनही टाकला.

"अरे, अरे! बिजली!" तो ओशाळून गेला. लगाम ओढता ओढता त्याचे कानही लाल झाले.

दीपमालाला हसू आवरेना. "ऱ्हाऊ द्या. तिले आवडना का, ते इचारा फक्त."

बिजलीनं उत्तर म्हणून दुसरा पापड उचलला.

असं ते पहिलं बोलणं. म्हणावं तर काहीच नाही. पण त्या दिवशी दीपमालाच्या हातून बरेच पापड करपले, आणि रंजनाबाई मावशीनं तिच्याकडे दोनदा नीट निरखून पाहिलं.

दीपमाला रनाळ्याच्या चुडामण पाटलांची मुलगी. बी.एस्सी. झालेली, गव्हाळ, स्वप्नाळू. मावशीच्या बचत गटानं यात्रेत पापडांचा स्टॉल लावला होता, तिथं मदतीला आलेली. स्टॉल होता पाळण्यांच्या गल्लीत, आणि नेमका समोर उभा होता यंदाच्या यात्रेचा सगळ्यात मोठा नवलाचा विषय. दोन मजली घराएवढं काहीतरी, वरपासून खालपर्यंत निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं. त्यावर पाटी: 'चंद्रावर चला! अंतराळाची सफर! लवकरच!'

हे 'लवकरच' काही केल्या येत नव्हतं. तपासणी करणारा साहेब आला नव्हता आणि त्याच्या सहीवाचून पाळणा हलणार नव्हता. तोवर लोकांच्या जिभेला काय काम? खापरहून आलेल्या बाया सांगत, आत बर्फ भरलाय म्हणून, चंद्रावर थंडी असते ना! जिलेबीवाला शपथेवर सांगे, की आत गेलं की माणसाचं वजन जातं, त्यानं स्वतः सुरतेला पाहिलंय. कुणी म्हणे, आत बसल्यावर खाली तापी दिसते, बांगडीएवढी. घोडे विकायला आलेले व्यापारीही सौदा अर्धवट सोडून ताडपत्रीच्या फटीला डोळा लावून जात.

आणि दीपमाला? तिला ती वजन जाण्याची गोष्ट फार आवडली होती. गेलं वर्षभर घरी बघण्याचे कार्यक्रम चालू होते. साडी नेसायची, पोहे न्यायचे, खाली मान घालून बसायचं. दर वेळी पाहुणे गेले की तिला वाटे, अंगावर कुणी कापसाची गाठडी ठेवून गेलंय. आता नाशिकचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, नाव ठेवायला जागा नव्हती. यात्रा संपली की त्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि दीपमालाला त्या उत्तराचा विचारही नको वाटे.

घोडीवाला रोज येऊ लागला. नाव नवनीत. तापीकाठच्या गावाचा, घरी केळी आणि ऊस, शेतकी शिकून शेतीच करणारा. घोडीला नाचाच्या स्पर्धेसाठी आणलं होतं, पण स्पर्धेपेक्षा पापडाच्या स्टॉलवरच तिचा मुक्काम जास्त पडू लागला. दोष अर्थातच घोडीचा.

"उघडनं का?" तो विचारी.

"नई ना."

"बरं शे." तो स्टॉलच्या बांबूला टेकून उभा राही. "बंद शे तवलोंग आपले वाटी ते आतमा शे. सांगा बरं, तुमले काय वाटस? काय व्हई आत?"

दीपमाला डोळे बारीक करी. हिवाळ्याचं मऊ ऊन ताडपत्रीवर पसरलेलं असे, वाऱ्यानं ती हळूच फुगे आणि पुन्हा बसे. "माले वाटस... आत अंधार व्हई. एकदम काया. मंग एक तारा पेटी. मंग दुसरा. कोनीच बोलाव नई. आनि पाय... पाय जमीनले लागतसच नई."

"आनि भ्याव नई वाटाव?"

"एकलं नई जावानं ना मंग!"

बोलून गेली आणि जीभ चावली. नवनीत घोडीच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिला, पण त्याचं हसू मावळेना. दीपमालानं उगीचच रिकामी ताटली पुसली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या भागातल्या पाटील घरांत यात्रेच्या खाऊची एक रीत आहे. कुठं लिहिलेली नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक. लग्नाच्या पोरानं लग्नाच्या पोरीच्या हातात यात्रेची गोडीशेव, म्हणजे गुळाच्या पाकातली शेव, दिली आणि तिनं ती घेतली, की सोयरीक ठरली. नको असेल तर वडीलधाऱ्यांनी पुडी न उघडता परत द्यायची, मग कुणी कारण विचारत नाही. म्हणून यात्रेत शहाणी पोरं गोडीशेवेची पुडी जपून, अंगाशी धरून चालतात.

नवनीतही शहाणाच होता. त्या दुपारी त्यानं आईसाठी, प्रमिलाबाईंसाठी, गोडीशेव घेतली होती आणि पुडी चांगली काखेत दाबली होती. पण ताडपत्रीआड कुणीतरी यानाचा भोंगा वाजवून पाहिला. असा काही भोंगा, की जिलेबीवाल्याचा झारा कढईत पडला. बिजली दोन पायांवर उभी राहिली.

"धर!" म्हणत नवनीतनं हातातलं जे होतं ते समोर उभ्या दीपमालाच्या हातात कोंबलं आणि दोन्ही हातांनी लगाम धरला. घोडी त्याला ओढत पार घोडेबाजारापर्यंत घेऊन गेली.

दीपमाला तशीच उभी. नजर तो गेला त्या दिशेला. पडला तर? लागलं तर? स्टॉलमागच्या खाटेवर बसून ती वाट पाहत राहिली, आणि काळजीत माणसाला आपला हात काय करतोय याचं भान कुठं असतं!

शेजारीच बांगड्यांचं दुकान होतं फुलवंताबाईचं. ती नवनीतच्याच गावची, नात्यानं त्याची आत्या. तिनं सगळं पाहिलं. म्हणजे भोंगा नाही, घोडी नाही, पुडी तेवढी पाहिली. दिवस कलायच्या आत अर्ध्या यात्रेला कळलं, की केळीवाल्यांच्या नवनीतनं रनाळ्याच्या पोरीला खाऊ दिला आणि पोरीनं तो घेतला.

रंजनाबाई धावतच आली. "पुडी कोठे शे वं? दे, तशीच्या तशी परत करी देऊ."

दीपमालानं मांडीवर पाहिलं. पुडी अर्धी रिकामी होती.

"वं माय! खाई टाकी?"

"भूक लागनी व्हती," दीपमाला पुटपुटली.

"भूक लागनी तं समोर पापडना ढीग शे ना!" मावशीनं कपाळाला हात लावला. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि उरलेली पुडी नीट गुंडाळून तिच्याच हातात दिली.

दुसऱ्या दिवशी चुडामण पाटील रनाळ्याहून मोटारसायकलवर आले. रागावले नाहीत. बाकड्यावर बसून शांतपणे म्हणाले, "बेटा, चूक शे तं चूक शे सांगू. उघडेल पुडी बी परत करता यी. लोक हासतीन, हासू दे. पन तुन्हा मनमा काय शे, ते सांग."

काय सांगणार? आजूबाजूला बांगड्यांच्या गिऱ्हाइकांपासून फुगेवाल्यापर्यंत सगळे कान टवकारून उभे होते. आणि त्याच्या मनात काय आहे, ते तिला तरी कुठं माहीत होतं! तो तर कालपासून फिरकलाच नव्हता.

दुपारनंतर तो आला. सोबत प्रमिलाबाई. दीपमालाकडे न पाहता तो सरळ चुडामण पाटलांसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"बाबा, चूक मन्ही शे. घोडी बिचकनी, मी पुडी त्यास्ना हातमा कोंबी दिधी. त्यास्नी मांगी नई, इचारी नई. त्यास्ना काही दोष नई. तुम्ही त्यास्ले मोकळं समजा."

चुडामण पाटलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भला पोऱ्या शे तू." लोकांनी माना डोलावल्या. प्रकरण मिटलं. उद्या सकाळी वडील तिला घेऊन परत जाणार होते, मग नाशिकला होकार कळवला जाईल, नाही म्हणायला कारण तरी काय होतं?

मोकळं! दीपमालाला तो शब्द असा टोचला, की डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळं आलं असं ती मावशीला म्हणाली. मावशी म्हणाली, निखारे तर विझलेत. इतके दिवस तो रोज आला, चंद्राच्या गप्पा मारल्या, ते सगळं घोडीच्या पापडासाठी? तिला त्याचा राग आला, आणि तो आवडतो हे त्या रागातच तिला पहिल्यांदा स्वच्छ कळलं.

दिवस मावळायला आला होता. तापीवरून गार वारा सुटला होता, धुक्याचा पातळ पदर पाळण्यांवर उतरत होता. आणि तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला.

"चला चला चला! परवानगी उनी! चंद्रावर चला!"

दोर सुटले. निळी ताडपत्री सळसळत खाली आली आणि अख्ख्या यात्रेच्या तोंडून एकच 'ओऽऽऽ' निघाला. सगळे तिकडे वळले. फुलवंताबाई गिऱ्हाइकाच्या हातात अर्धी बांगडी सोडून धावली. मावशी लाटणं घेऊन पुढं सरली. चुडामण पाटीलसुद्धा बाकड्यावर चढून उभे राहिले.

दीपमालाला समोर फक्त पाठीच पाठी दिसत होत्या. एवढ्या गर्दीत एकच चेहरा तिच्याकडे होता. स्टॉलच्या कोपऱ्याशी, बिजलीचा लगाम धरून तो उभा होता.

"तुम्ही नई देखतस?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "उघडनं ना."

"देखी ऱ्हायनू ना," तो म्हणाला. पण पाहत होता तिच्याकडे.

"मोकळं समजा म्हनात ना तुम्ही. मंग काबर उभा शेतस?"

"पुडी देनं चूक व्हती," तो हळूच म्हणाला, "रोज येनं चूक नव्हती."

"मंग सगळास्ना समोर तसं काबर बोलनात?"

"घोडी बिचकनी म्हनीसन तू हा म्हनशी... ते माले नको व्हतं." तो थांबला. लगामाचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "तुले कोनी इचारं का आजलोंग, सरळ? इचाराले तं पाहिजे ना. मंग तू नई म्हन, तरी चाली. म्हंजे... चालाव नई. पन मी चालाडी लेसू."

दीपमाला एक पाऊल पुढं आली. "मंग इचारा ना... लवकर. लोक आते मांगे फिरतीन."

"मन्हासंगे लगीन करशी का, दीपमाला?"

तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. किती साधं नाव, आणि किती वेगळं ऐकू आलं!

"हा," ती म्हणाली. "घोडी बिचकनी नसती, तरी हाच म्हनती."

नवनीतला काय करावं कळेना. त्यानं घोडीच्या मानेवर कपाळ टेकवलं आणि नुसता हसत राहिला. दीपमाला मात्र थांबली नाही. आज बोलली नाही, तर उद्या मोटारसायकलवर बसून रनाळे गाठावं लागणार होतं. ती बाकड्यापाशी गेली आणि वडिलांच्या सदऱ्याची बाही ओढली.

"बाबा!"

"अं? देख वं बेटा, कशे चमकी ऱ्हायनं!" पाटलांची नजर चंद्रावर.

"बाबा, नाशिकवालास्ले नई सांगा!"

"काय? ऐकू येत नई!" लाउडस्पीकर कानठळ्या बसवत होता.

आजवर पोह्याच्या ताटलीआड लपणारी ही मुलगी. तिनं आजूबाजूच्या पाठींकडे एकदा पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "माले नवनीतसंगे लगीन करनं शे!"

पाठी होत्या तिथं एकदम चेहरे झाले. चंद्र बिचारा उघडा पडला तसा मागं राहून गेला. मावशीनं लाटणं छातीशी धरलं. फुलवंताबाई 'मी म्हनं नव्हतं का' असं तोंड करून सगळ्यांकडे पाहू लागली. दीपमालाचे गाल पेटले होते, पण तिनं मान खाली घातली नाही.

चुडामण पाटील सावकाश बाकड्यावरून उतरले. मुलीकडे पाहिलं, मग त्या घोडीजवळच्या पोराकडे. "हाई तुन्हा मनमा शे? नक्की?"

"नक्की, बाबा."

त्यांनी प्रमिलाबाईंना हात जोडले. "तुमनं काय म्हननं शे?"

प्रमिलाबाईंनी आधी पदरानं डोळे टिपले, मग लेकाच्या हातून लगाम ओढून घेतला. "मन्हं काय म्हननं? घोडी मी धरस. हाऊ पोऱ्याच आते सुटेल शे, याले जाऊ द्या."

"जा मंग," पाटील दोघांना म्हणाले, आणि आवाज घोगरा झाल्याचं लपवायला खाकरले. "चंद्र देखी या. रांग वाढी ऱ्हायनी."

रांग खरोखरच घोडेबाजारापर्यंत गेली होती. पांढऱ्या यानांवर निळे दिवे लुकलुकत होते, वर गेलेली माणसं किंचाळत होती, खालची माणसं आत काय आहे ते एकमेकांना विचारत होती. नवनीत आणि दीपमाला अगदी शेवटी जाऊन उभे राहिले, आणि मागून कुणी घाईघाईनं आलं, की त्याला खुशाल पुढं जाऊ देत राहिले.